आयोचे ज्वालामुखी विझत का नाहीत? (संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी मदत हवी आहे)

मृण्मयी_इंदूर
२७ डिसेंबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीतल्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा गच्चीवर आहे. वाण काय लुटायचं यावर चर्चा चालू असताना मी सुचवलं, की यंदा सगळ्यांना दुर्बिणीतून गुरू दाखवू या. १० जानेवारी २०२६ ला गुरू प्रतियुतीत (पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला) येतोय, म्हणजे संक्रांतीला अंधार पडताच तो पूर्वेला मिथुन राशीत ठळक दिसेल. सगळ्यांनी लगेच होकार दिला आणि अर्धा तास बोलायची जबाबदारी माझ्याकडे आली.

मला बोलायचंय ते मात्र गुरूबद्दल नाही, त्याच्या आयो या चंद्राबद्दल. जूनो यान डिसेंबर २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोपासून जेमतेम १,५०० किमीवरून गेलं. तेव्हाची छायाचित्रं पाहिल्यापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

प्रश्न असा. आयोचा व्यास ३,६४० किमी, आपल्या चंद्राचा ३,४७५. म्हणजे आकाराने जवळपास सारखेच. लहान गोळा लवकर निवतो, त्यामुळे आपला चंद्र निवला हे समजतं. मग तेवढ्याच आयोवर आज चारशेहून जास्त ज्वालामुखी जागे कसे? 'गुरूच्या ओढीमुळे' हे एका ओळीचं उत्तर मला माहीत आहे. पण नुसत्या ओढीने दगड वितळतो कसा, हे समोर बसलेल्या बायकांना आणि मुलांना पटेल असं सांगायचं आहे. कागदावरून वाचून दाखवायचं नाही. कुठून सुरुवात करू?

पोहेजिलेबी
२७ डिसेंबर, रात्री ९:२०

वाण म्हणून दुर्बीण लुटणार असाल तर आम्ही पुरुषही हळदीकुंकवाला येतो!

काळा_पाषाण
२७ डिसेंबर, रात्री १०:०५

मृण्मयीताई, विषय फार आवडला. सुरुवात पायाखालून करा. इंदूरचा माणूस लाव्हावरच राहतो. माळव्याचं पठार म्हणजे दख्खनच्या बेसाल्टचा उत्तरेकडचा भाग. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थरावर थर पसरत गेला. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किमी भूभाग व्यापला आहे. आपली काळी माती याच दगडाची झीज होऊन तयार झाली.

पाताळपाणीला धबधब्यासमोर उभं राहून कड्याकडे नीट बघा. आडवे पट्टे दिसतात. एक लाव्हा येऊन थिजला, मग त्यावर दुसरा आला, असा तो हिशेब आहे. त्या बाजूच्या दगडांत बारीक पोकळ्या असलेला तुकडा सहज सापडतो, कित्येक पोकळ्यांत पांढरे स्फटिक भरलेले असतात. त्या पोकळ्या म्हणजे उकळत्या लाव्हातले वायूचे बुडबुडे. दगड थिजला आणि बुडबुडे जागच्या जागी अडकले. नंतर त्यांत पाणी झिरपलं आणि झिओलाइट, कॅल्साइटसारखी खनिजं साठली. असा एक तुकडा कार्यक्रमात हातोहात फिरवा. ज्वालामुखी म्हणजे काय हे मुलांना बोटांनी कळेल.

आणि हे आवर्जून सांगा: आयोवरून वाहणारा लाव्हा मुख्यतः याच जातीचा, सिलिकेटचा आहे. आयोचा पिवळा-नारिंगी रंग गंधकाचा आणि पांढरे डाग गोठलेल्या सल्फर डायऑक्साइडचे, त्यामुळे तिथे वितळलेलं गंधकच वाहत असावं असं आधी अनेकांना वाटत होतं. पण तपमान मोजल्यावर ते १,२०० अंश सेल्सियसच्या पुढे निघालं. इतक्या तपमानाला गंधक द्रवरूपात टिकत नाही, वितळलेला खडकच लागतो. आणि आजूबाजूची जमीन उणे दीडशे अंशांच्या आसपास!

सुदामानगर
२७ डिसेंबर, रात्री १०:३१

काका, मग जानापावचं काय? महूजवळचा तो डोंगर जुना ज्वालामुखी आहे असं आम्ही लहानपणापासून ऐकतोय. मुलांना पाताळपाणीपेक्षा तेच उदाहरण जवळचं वाटेल.

काळा_पाषाण
२८ डिसेंबर, सकाळी ७:१५

जानापावला जरूर न्या. चंबळेचा उगम आहे, परशुरामाचं स्थान आहे, पावसाळ्यात तर स्वर्ग. पण 'या डोंगराच्या तोंडातून माळव्याचा लाव्हा आला' असं मात्र सांगू नका. दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि पसरला. म्हणून तर पठार सपाट आहे. शंकूच्या टोकातून धूर निघतोय, हे चित्र शाळेच्या पुस्तकामुळे डोक्यात बसलंय.

आयोवरही तसंच आहे. तिथे उंच शंकू फारसे नाहीत. खोलगट, कडा असलेली प्रचंड कुंडं आहेत, त्यांना पॅटेरा म्हणतात. लोकी पॅटेरा तर सुमारे २०० किमी रुंद आहे. म्हणजे इंदूर त्याच्या एका काठावर ठेवलं तर भोपाळही आतच राहील. आणि भेगांतून उसळणारा लाव्हाही तिथे प्रत्यक्ष दिसला आहे. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये गॅलिलिओ यानाने त्वष्टा नावाच्या ठिकाणी लाव्हाची अक्षरशः भिंत उसळताना टिपली.

आजी_ऑनलाइन
२८ डिसेंबर, सकाळी ८:४०

त्वष्टा? आपल्या वेदातला? ही नावं कोण ठेवतं बाई?

तारांगण७
२८ डिसेंबर, सकाळी ९:०२

हो आजी, तोच. देवांचा कारागीर. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने आयोवरच्या ठिकाणांना जगभरच्या अग्नी, सूर्य, वीज आणि कारागिरीच्या देवतांची नावं द्यायची असं ठरवलंय. हवाईची पेले, नॉर्स लोकांचा लोकी, ग्रीकांचा प्रोमिथियस, आणि आपले अग्नी, सूर्य, त्वष्टा. फेब्रुवारी २००७ च्या अखेरीस न्यू होरायझन्स यान प्लूटोकडे जाताना गुरूजवळून गेलं, तेव्हा या त्वष्टावरून उडालेला फवारा ३०० किमीहून उंच गेला होता.

पोहेजिलेबी
२८ डिसेंबर, सकाळी ९:१०

पाताळपाणीचा विषय निघालाच आहे तर हेरिटेज गाडीने पुढे कालाकुंडला जा आणि तिथलं कलाकंद खाऊन या. दगड तेवढ्यासाठी थांबतील.

आजी_ऑनलाइन
२८ डिसेंबर, सकाळी ९:२५

पानात बांधून देतात ना तिथे, अजून चव आठवते. बरं, धाग्यावर या सगळे.

माहीकाठ
२८ डिसेंबर, दुपारी १:१८

बडोद्याहून लिहितोय. मृण्मयीताई, ओढीचं प्रात्यक्षिक बघायचं असेल तर आमच्याकडे जंबुसर तालुक्यात कावी-कंबोईला या. स्तंभेश्वर महादेवाचं मंदिर आहे, भरतीला पिंड पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा वर येते, रोज दोनदा. खंभातच्या आखातातली भरती देशात सगळ्यात मोठी, काही ठिकाणी १० मीटरच्या पुढे. मी मुलाला घेऊन ओहोटीपासून भरतीपर्यंत तिथे बसून राहिलो होतो. पाणी पायऱ्यांवर चढताना बघितलं की एवढ्या लांबचा चंद्र काय करू शकतो ते पटतं.

आता उलटा विचार करा. इथे चंद्र पृथ्वीला ओढतो. तिथे गुरू आयोला ओढतो आणि गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट. आयोचं गुरूपासूनचं अंतर ४,२२,००० किमी, आपल्या चंद्राचं आपल्यापासून ३,८४,०००. म्हणजे अंतर जवळपास तेच. गणित केलं तर आपल्या चंद्राला पृथ्वीमुळे जो भरतीचा ताण बसतो त्याच्या सुमारे २४० पट ताण आयोला बसतो. तिथे समुद्र नाही, खडकच फुगतो. दगडाची भरती सुमारे १०० मीटर.

लष्करकर
२८ डिसेंबर, रात्री ८:४४

ग्वाल्हेरहून नमस्कार. आमचा किल्ला वालुकाश्माचा, त्यामुळे लाव्हावर मी गप्पच बसणार होतो. पण माहीकाठांच्या उत्तराला एक मोठी हरकत आहे आणि ती दूर झाल्याशिवाय मृण्मयीताईंनी हे कार्यक्रमात सांगू नये.

आपला चंद्र जशी एकच बाजू पृथ्वीकडे ठेवतो, तसा आयोही एकच बाजू गुरूकडे ठेवून फिरतो. मग त्याचा फुगवटा कायम गुरूच्या दिशेने राहील. कावी-कंबोईला पाणी वर-खाली होतं कारण पृथ्वी चंद्राखालून फिरते. आयो गुरूखालून फिरत नाही. फुगवटा एकदा आला आणि तसाच राहिला तर उष्णता कुठून येणार? स्थिर ताणाने काहीच तापत नाही. माझ्या घराच्या तुळईवर गेली कित्येक दशकं छत आहे, तुळई गार आहे.

पोहेजिलेबी
२८ डिसेंबर, रात्री ८:५०

भियाने मुद्द्यालाच हात घातला.

मृण्मयी_इंदूर
२८ डिसेंबर, रात्री ९:१५

लष्करकर, मी अडत होते ती जागा नेमकी हीच. कुणीतरी सांगा.

तारांगण७
२८ डिसेंबर, रात्री ११:३०

सविस्तर लिहितो, कारण या विषयातली सगळी मजा या हरकतीतच आहे.

लष्करकर म्हणतात ते पूर्ण बरोबर आहे, पण आयोची कक्षा अचूक वर्तुळ असती तर. ती किंचित लंबगोल आहे. किंचित म्हणजे किती, तर गुरूपासूनचं त्याचं सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त अंतर यांत फरक फक्त सुमारे ३,५०० किमीचा. चार लाख किमीच्या अंतरात हा एक टक्काही नाही. पण भरतीचा ताण अंतराच्या घनाने बदलतो आणि मूळ ताणच अवाढव्य आहे. त्यामुळे जवळ आला की फुगवटा वाढतो, लांब गेला की उतरतो. शिवाय लंबगोल कक्षेत वेग कमी-जास्त होत असल्याने गुरूची दिशाही थोडी मागेपुढे डोलते. दर साडेबेचाळीस तासांनी ही एक फेरी पुरी होते. प्रत्येक फेरीत खडक दाबला जातो आणि सैल होतो, आतलं घर्षण उष्णता तयार करतं.

आता खरा प्रश्न. अशा घर्षणात ऊर्जा खर्च होते, आणि ती खर्च होता होता कक्षा गोल होत जायला हवी. आयो एकटा असता तर त्याची कक्षा केव्हाच गोल झाली असती आणि तोही आपल्या चंद्रासारखा निवला असता. पण तो एकटा नाही. युरोपा आणि गॅनिमीड हे गुरूचेच आणखी दोन मोठे चंद्र. आयोच्या ४ फेऱ्या होतात तेवढ्या वेळात युरोपाच्या २ आणि गॅनिमीडची १. आयो आणि युरोपा दर वेळी कक्षेच्या त्याच भागात शेजारी येतात आणि युरोपा आयोला त्याच दिशेने हलकासा हिसका देतो. एरवी असे हिसके चारी दिशांनी बसून एकमेकांना खोडून काढतात. इथे ते साठत जातात आणि कक्षा गोल होऊ देत नाहीत. या मेळाला लाप्लासचा अनुनाद म्हणतात. खर्च होणारी ऊर्जा शेवटी येते ती गुरूच्या स्वतःभोवती फिरण्यातून.

पुरावा त्याच घरात आहे. चौथा मोठा चंद्र कॅलिस्टो या मेळात नाही. त्याचा पृष्ठभाग खड्ड्यांनी भरलेला, अतिप्राचीन, निपचित. आणि आयोवर उल्कापाताचा एकही खड्डा आजवर सापडलेला नाही, कारण लाव्हा सगळं बुजवत राहतो.

कार्यक्रमात ही गोष्ट सांगाच: स्टॅन्टन पील, पॅट्रिक कॅसन आणि रे रेनॉल्ड्स या तिघांनी हे गणित मांडून 'आयो आतून वितळलेला असावा, ज्वालामुखी दिसू शकतील' असं लिहिलं. तो लेख २ मार्च १९७९ ला छापून आला. व्हॉयेजर-१ आयोजवळून गेलं ५ मार्चला. आणि ८ मार्चला लिंडा मोराबिटो नावाची तरुण अभियंती यानाची जागा तपासायला एका छायाचित्रातले अंधुक तारे शोधत होती. तारे दिसावेत म्हणून तिने उजेड वाढवला, तर आयोच्या कडेबाहेर छत्रीच्या आकाराचा एक ढग. आयोला वातावरण जवळपास नाही, मग ढग कसला? तो पेले ज्वालामुखीचा सुमारे ३०० किमी उंच फवारा होता. पृथ्वीबाहेर जागा ज्वालामुखी माणसाने पाहिला तो असा.

लष्करकर
२९ डिसेंबर, सकाळी ६:५८

समाधान झालं. कॅलिस्टोचा पुरावा फार आवडला. मी असतो तर गोष्टीची सुरुवात त्यापासूनच केली असती: चार मोठे चंद्र, तीन मेळात, एक बाहेर.

फिजिक्सच्या_बाई
२९ डिसेंबर, दुपारी ४:०५

मी नववी-दहावीला शिकवते. तारांगण यांचं उत्तर उत्तम आहे, पण गच्चीवरच्या मुलांना घन आणि अनुनाद नको. त्यांना कपड्यांच्या हँगरची तार द्या. एकाच जागी ती भराभर पुढे-मागे वाकवायला सांगा, मोडायच्या जरा आधी थांबवा आणि वाकलेली जागा हळूच वरच्या ओठाला लावायला सांगा. चटका जाणवतो (लहानांना आधी बोटाने बघू द्या). मग सांगा, तार नुसती वाकवून धरली असती तर तापली नसती, सारखी वाकवली म्हणून तापली. लष्करकरांची तुळई आणि आयो यांतला फरक तिथल्या तिथे कळतो. वर्गात हे केलं की मागच्या बाकावरचेही उठून पुढे येतात.

आणि मोठ्यांसाठी एकच आकडा ठेवा. पृथ्वीच्या पोटातून दर चौरस मीटरला सरासरी ०.१ वॉटपेक्षा कमी उष्णता बाहेर येते. आयोवर दोन वॉटपेक्षा जास्त. बाकी आकडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

सुदामानगर
२९ डिसेंबर, संध्याकाळी ६:२२

सगळं मान्य, तरी माझं मत आहे की आपल्या लोकांसमोर बोलताना चंद्रयान आलंच पाहिजे. २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं यान उतरलं, रोव्हरला तिथे गंधक सापडलं, आणि तिथल्या मातीच्या मोजमापांतून चंद्र सुरुवातीला वितळलेल्या खडकाने वेढलेला होता या कल्पनेला आधार मिळाला. एवढं सोडून परक्या यानांबद्दलच बोलायचं?

काळा_पाषाण
२९ डिसेंबर, संध्याकाळी ७:१०

जरूर आणा, पण योग्य जागी. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे थिजलेला बेसाल्टच, बहुतेक ३ अब्ज वर्षांहून जुना. चिनी चांग-ई-५ ने २०२० मध्ये आणलेला बेसाल्ट मात्र २ अब्ज वर्षांचा निघाला, म्हणजे आधी वाटत होतं त्यापेक्षा चंद्र बराच काळ धगधगत राहिला. पायाखालचा दगड, मग चंद्राचे डाग, मग आयो, असा क्रम लावला तर चंद्रयान आपोआप मधोमध येतं. फक्त संक्रांतीच्या संध्याकाळी चंद्र दिसणार नाही, अमावास्या जवळ आहे. फोटो छापून न्या.

रेडिओवाला
२९ डिसेंबर, रात्री १०:४८

कुणी रेडिओचं बोललं नाही म्हणून लिहितो. गुरूकडून येणाऱ्या रेडिओलहरी १९५५ मध्ये सापडल्या. १९६४ मध्ये लक्षात आलं की त्या जोरात येणं आयो कक्षेत कुठे आहे त्यावर अवलंबून आहे. ज्वालामुखी दिसायच्या पंधरा वर्षं आधी! आयोवरून दर सेकंदाला सुमारे एक टन वायू सुटून गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात जातो, आयो त्या क्षेत्रातून धावताना प्रचंड वीजप्रवाह तयार होतो, आणि त्यातून हे घडतं. २० मेगाहर्ट्झच्या आसपास साधा डायपोल अँटेना लावून हौशी लोक हे ऐकतात. शहरात विजेचा खरखराट फार असल्याने मी यासाठी सिमरोलच्या पुढे जातो. मला गुरूचा आवाज पहिल्यांदा मिळाला ती रात्र मी झोपलो नाही. ताई, तुम्हाला ध्वनिमुद्रण देतो, दोन मिनिटं वाजवा.

आजी_ऑनलाइन
३० डिसेंबर, सकाळी ८:१५

बाकीच्या ग्रहांच्या चंद्रांवर असं काही नाही का? का सगळं नवल गुरूच्याच घरी?

तारांगण७
३० डिसेंबर, सकाळी १०:४०

आहे ना आजी. शनीचा एन्सेलाडस. व्यास अवघा ५०० किमी. २००५ मध्ये कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या चार लांब भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण उडताना दिसले. खाली खारा समुद्र आहे. फवाऱ्यात मीठ सापडलं, हायड्रोजन सापडला, २०२३ मध्ये फॉस्फेट असल्याचंही कळलं. शनीचं एक अख्खं कडं या फवाऱ्यातून बनलंय. आणि कारण तेच: एन्सेलाडसच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा डायोनी या चंद्राची एक होते. तिथेही जोडीदार आहे.

नेपच्यूनच्या ट्रायटनवर व्हॉयेजर-२ ने १९८९ मध्ये सुमारे ८ किमी उंच नायट्रोजनचे फवारे पाहिले, तपमान उणे २३५. ते मात्र बहुधा सूर्याच्या मंद उन्हामुळे बर्फाखाली वायू कोंडून उडतात. म्हणून सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

सुदामानगर
३० डिसेंबर, दुपारी १२:०५

पाण्याच्या कारंज्याला ज्वालामुखीच्या रांगेत बसवणं मला पटत नाही.

काळा_पाषाण
३० डिसेंबर, दुपारी १२:५०

उणे दोनशे अंशांवर बर्फ दगडाइतकाच कठीण असतो, तिथली जमीनच त्याची आहे. ती जमीन आतून वितळून भेगेतून बाहेर येतेय. मी तरी तिला त्याच रांगेत बसवीन.

मृण्मयी_इंदूर
३० डिसेंबर, रात्री ९:५०

मंडळी, किती दिलंत! ठरवलं ते असं. आधी दगड हातात, मग चंद्राचा फोटो आणि चंद्रयान, मग फिजिक्सच्या बाईंची तार, मग लष्करकरांचे चार चंद्र, शेवटी लिंडा मोराबिटोची गोष्ट. एन्सेलाडस कुणी विचारलं तरच. अर्ध्या तासात याहून जास्त कोंबलं तर काहीच पोचणार नाही. रेडिओवाले, ध्वनिमुद्रण नक्की पाठवा, लोक जमेपर्यंत वाजवते.

एक अडचण आहे. वाचताना कुठे 'आयोच्या कवचाखाली सगळीकडे मॅग्माचा समुद्र आहे' असं दिसतं, कुठे 'नाही'. काय सांगू?

तारांगण७
३१ डिसेंबर, सकाळी ७:३०

आहे असं सांगू नका. २०११ मध्ये गॅलिलिओ यानाच्या चुंबकीय नोंदींवरून असा वितळलेला थर असावा असं मांडलं गेलं होतं. पण जूनोने जवळून जाताना आयोचं गुरुत्वाकर्षण बारकाईने मोजलं. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचा निष्कर्ष आला: उथळ, सर्वत्र पसरलेला मॅग्माचा समुद्र असता तर आयो भरतीने जेवढा लवचला असता तेवढा तो लवचत नाही. आतला भाग बराचसा घन आहे, ज्वालामुखींना मॅग्मा वेगवेगळ्या ठिकाणच्या साठ्यांतून मिळत असावा.

दुर्बिणीचं: माझी सहा इंची घेऊन येतो. साडेसातच्या आत गुरू फार खाली असेल, हवा हलते, म्हणून आधी तुमचं बोलणं होऊ दे. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळचा सगळ्यात तेजस्वी ठिपका म्हणजे गुरू, व्याधापेक्षाही ठळक, चुकायचा प्रश्नच नाही. ज्वालामुखी दिसणार नाहीत हे आधीच सांगून टाका, नाहीतर मुलं हिरमुसतात. दिसतील ते चार ठिपके. त्यांतला आयो कोणता ते मी मोबाईलवरच्या आकाशनकाशात बघून ठेवतो. तासाभरात तो गुरूच्या जवळपास अर्ध्या व्यासाएवढा सरकतो, म्हणून प्रत्येकाला दोनदा बघायला लावा: एकदा बोलणं संपल्यावर आणि एकदा तिळगूळ घेऊन जाताना.

गच्चीवर सोडियमचा दिवा असेल तर तेवढा बंद करून घ्या, आणि चहाची शेगडी दुर्बिणीपासून लांब ठेवा. गरम हवेने प्रतिमा थरथरते.

माहीकाठ
३१ डिसेंबर, सकाळी ९:०५

मुलांपैकी कुणी 'पुढे कोण जाणार?' विचारलं तर: युरोपियनांचं ज्यूस यान १४ एप्रिल २०२३ ला निघालंय, जुलै २०३१ ला पोचेल, मुख्य काम गॅनिमीडवर. नासाचं युरोपा क्लिपर १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालं, एप्रिल २०३० मध्ये पोचेल. माझा मुलगा तेव्हा बारावीत असेल, त्याने आतापासूनच भिंतीवर तारखा लिहून ठेवल्यात.

आजी_ऑनलाइन
३१ डिसेंबर, सकाळी ९:४०

मृण्मयी, मला जिने चढवत नाहीत, पण त्या दिवशी चढेन. खुर्ची दुर्बिणीच्या उंचीची ठेव.